डेडस्टॉकमधलं विज्ञान

'कृतीयुक्त अध्ययन' या विषयावरची मी आजवर किती प्रशिक्षणं केली ते आता मोजतही नाही, पण साचा एकच असतो बघा. गटसाधन केंद्राचा नाहीतर कुठल्यातरी हायस्कूलचा हॉल, साठ-सत्तर शिक्षक, दोन पंखे चालू दोन बंद, हजेरीपत्रकावर सही, दीपप्रज्वलन, आणि मग पीपीटी. एका वर्षी तर स्लाईडवर मोठ्या लाल अक्षरात लिहिलेलं होतं की मुलांना सांगू नका, करू द्या, आणि सुलभक सर, म्हणजे प्रशिक्षण देणारे, ती ओळ आम्हाला मोठ्याने वाचून सांगत होते आणि आम्ही ती मुकाट्याने वहीत उतरवून घेत होतो. दोन दिवसांत आम्ही चहाचा कप सोडून कशालाही हात लावला नाही. शेवटी ग्रुप फोटो, तो व्हॉट्सॲपवर, झालं प्रशिक्षण.

सरांना दोष देत नाहीये मी. त्यांना जिल्ह्याला कुणीतरी असंच वाचून दाखवलेलं असतं, जिल्ह्याच्या माणसाला पुण्याला. वरून खाली पाझरत येताना त्यातलं पाणी कधी आटतं ते कुणालाच कळत नाही आणि आमच्यापर्यंत फक्त ओल पोचते.

आता प्राथमिक शाळेत प्रयोग होत नाहीत असं कुणी म्हटलं की लगेच चर्चा सुरू होते साहित्याची. लॅब नाही, किट नाही, निधी नाही. मी चौदा-पंधरा वर्षं जिल्हा परिषद शाळेत शिकवतेय आणि मला हे कारण खरं वाटत नाही, म्हणजे खोटं नाही पण ते खाली खूप नंतर येतं. तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासाला लागणाऱ्या वस्तू नव्वद टक्के स्वयंपाकघरात असतात. आम्ही शिक्षकांनी स्वतः कधी प्रयोग केलेलेच नसतात, ही खरी अडचण. बघितलेले असतात, पाठ केलेले असतात, टाचण वहीत छान आकृती काढलेली असते. पण स्वतःच्या हाताने करून, फसून, असं का झालं म्हणून डोकं खाजवून केलेला प्रयोग, तो आमच्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात एकही नसतो. आणि जे स्वतः कधी केलं नाही ते मुलांकडून करून घ्यायचं म्हटलं की भीती वाटते, सरळ आहे.

माझीच गोष्ट सांगते. थाळीत पाणी, मधे मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात वर चढतं. हा प्रयोग मी सात-आठ वर्षं तरी करून दाखवला असेल आणि दरवर्षी तेच सांगितलं की हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. मलाही असंच शिकवलेलं, डीएडला असतानाही हेच, आणि ऐकायला इतकं चपखल आहे ना की शंका यायचं कारणच नाही.

एका वर्षी पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी का नाही चढलं? ते तर विझल्यावर एकदम चढलं.

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं सांगते, मी आठ वर्षं तो प्रयोग केला पण बघितला नव्हता. कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गात एकटीच बसून पाच-सहा वेळा तो प्रयोग केला आणि पोरगी बरोबर होती. ऑक्सिजन जळून कमी होत असेल तर पाणी हळूहळू चढायला हवं, जळायला लागल्यापासून. तसं होतच नाही. ज्योत असते तोवर पाणी जवळपास जागच्या जागी आणि विझली की सुर्रकन वर. शिवाय ग्लास ठेवताना कडेने दोन-चार बुडबुडे बाहेर येतात, तेही मी कधी बघितलं नव्हतं.

मग घरी येऊन एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या. पाणी जास्त चढलं! तीन लावल्या, अजून जास्त. ग्लास तोच, हवा तेवढीच, मग ऑक्सिजन तीन मेणबत्त्यांना जास्त कुठून आला? माझं आठ वर्षांचं उत्तर तिथे आमच्या ओट्यावरच मेलं. नवरा म्हणाला जेवायचं बघतेस का लाईट बिल वाचवतेस.

होतं असं की ज्योतीमुळे आजूबाजूची हवा तापते, फुगते, ग्लास खाली टेकेपर्यंत आणि थोडं नंतरही त्यातली काही बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होते, आकसते, आत दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. जास्त मेणबत्त्या, जास्त तापलेली हवा, म्हणून जास्त पाणी. ऑक्सिजनही खर्च होतो, नाही असं नाही, पण तो सगळा संपत नाही, हवेतलं त्याचं प्रमाण 21 टक्क्यांवरून 16 च्या आसपास उतरलं की मेणबत्तीची ज्योत तग धरत नाही. आणि जेवढा जळतो त्याच्या साधारण दोन तृतीयांश कार्बन डायऑक्साईड तयार होऊन तिथेच बसतो. म्हणजे पाचव्या हिश्शाचं ते सुंदर गणित मुळातच जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं की माझं चुकलं होतं, चला परत करू. त्या एका तासात मुलांनी जेवढं निरीक्षण केलं तेवढं मी त्यांच्याकडून आख्ख्या वर्षात करून घेतलं नव्हतं. आणि मी विज्ञान शिकवायला शिकले असं जर काही असेल तर ते त्या दोन दिवसांत, कुठल्याही हॉलमधे नाही.

डीएडमधे काय व्हायचं ते आठवतं. सराव पाठ असायचे. पाठाच्या आदल्या रात्री जागून तक्ते रंगवायचे, प्रयोग आधी करून बघायचा तो फसू नये म्हणून, कारण मागे बसलेले निरीक्षक सर शेरा मारणार. वर्गात प्रयोग फसला म्हणजे पाठ फसला. एका मैत्रिणीचा अंकुरणाचा प्रयोग फसला होता, चार वाट्यांपैकी जिथे मोड यायला नको होते तिथेच आले, तर तिने गुपचूप वाटी बदलली. आम्ही सगळ्यांनी तिला शाबासकी दिली, काय प्रसंगावधान म्हणून. आता वाटतं की ज्या वाटीत नको तिथे मोड आले तीच तर सगळ्यात भारी वाटी होती, आणि ती कचऱ्यात गेली. उत्तर आधी आणि प्रयोग नंतर, प्रयोग फक्त उत्तराचा साक्षीदार, अशी आमची घडणच झालीये.

आणि किटचं म्हणाल तर किट आहे हो. बऱ्याच शाळांत विज्ञान पेटी असते. कपाटात, कुलपात. कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, शाळेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉकला नोंदवायची असते, बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यायची, कमी भरली की खुलासा. आता परीक्षानळी ही वस्तूच फुटण्यासाठी जन्माला आलीये, मुलांच्या हातात दिली की वर्षात चार फुटणारच, ती फुटली म्हणजे वापरली. पण रजिस्टरच्या दृष्टीने न फुटलेली नळी म्हणजे चांगली शाळा. मी ज्या शाळेत आधी होते तिथे चार्ज घेताना भिंगं मोजली, सहाच्या सहा, सगळी प्लॅस्टिकच्या मूळ पिशवीत, सील न तोडलेली. ती देणारे गुरुजी अभिमानाने म्हणाले, बघा, एकही ओरखडा नाही.

डेडस्टॉक हा शब्द कुणी शोधला माहीत नाही पण नेमका शोधलाय.

हे सगळं वेगळं होऊ शकतं का, तर झालेलं आहे आणि आपल्या शेजारीच झालेलं आहे म्हणून सांगते. 1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, आता त्याला नर्मदापुरम म्हणतात, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर अशा दोन संस्थांनी 16 शाळांमधे सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. साध्या सरकारी खेड्यातल्या शाळा. 1978 ला तो कार्यक्रम जिल्हाभर गेला, 1982 ला त्यातूनच एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि शेवटी शेवटी तो हजारच्या आसपास शाळांत चालू होता. आपल्याकडे याची आठवण निघते ती बहुतेक अरविंद गुप्तांमुळे. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधे, नोकरी, 1978 मध्ये सुट्टी घेऊन तिकडे गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, पिरॅमिड करायला लागले. पुढे पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळण्यांचं जे काम केलं ते आपल्याला माहीतच आहे.

पण मला त्यातली खेळणी किंवा किट महत्त्वाचं वाटत नाही, म्हणजे ते आहेच, पण लोक तेवढंच उचलतात. शिक्षकांचं काय केलं ते बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-तीन आठवडे शिक्षकांना बोलवायचं आणि चार-चारचे गट करून पुस्तकातले सगळे प्रयोग त्यांना विद्यार्थी म्हणून करायला लावायचे. दिल्ली विद्यापीठातले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सोबत बसायचे आणि त्यांनाही उत्तर यायचं नाही असे प्रश्न निघायचे. सुट्टी संपली म्हणून सोडून नाही द्यायचं, वर्षभर दर महिन्याला आजूबाजूच्या शाळांच्या शिक्षकांची बैठक, काय जमलं काय फसलं ते बोलायचं. आणि परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून, सोबत प्रत्यक्ष प्रयोगाची, म्हणजे पाठ करून काही उपयोगच नाही. मुलांचे प्रश्न सवालीराम नावाच्या एका माणसाला पत्राने जायचे, तो माणूस अस्तित्वातच नव्हता, पण उत्तर मात्र प्रत्येक पत्राला यायचं.

2002 ला सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं. त्यातल्या राजकारणात मी शिरत नाही, पण एक लक्षात येतं, की अशी गोष्ट मोडायला एक आदेश पुरतो आणि उभी करायला शिक्षकांची एक पिढी लागते. आपल्याकडेही काही नाही असं नाही, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून चालू आहे आणि तिथलं काम चांगलं आहे, पण तिथून निघालेली गोष्ट आमच्या तालुक्याला पोचेपर्यंत तिची पीपीटी झालेली असते.

मधे आपल्याकडे ज्ञानरचनावादाची लाट आली होती, आठवतंय? मूळ कल्पना फार चांगली होती, ज्या शाळांत ती मनापासून झाली तिथे मुलं खरंच शिकली. बाकी ठिकाणी काय झालं तर फरशीवर ऑईल पेंटने अक्षरं आणि आकडे. आमच्या भागात त्या वर्षी रंगाच्या दुकानदारांची दिवाळी झाली असेल. फरशी रंगली, फोटो गेला, शाळा 'ज्ञानरचनावादी' झाली. मूल स्वतः ज्ञान रचतं म्हणतात, ठीक आहे, पण त्याच्या गुरुजीला कुणी काही रचू दिलंय का आधी?

माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात ते मला तोंडपाठ आहेत. पहिला, वेळ. हा खरा आहे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे पाच वर्ग आणि दोघं जणं, त्यातला एक मीटिंगला किंवा ऑनलाईन माहिती भरायला गेला की राहिला एक. त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून अशैक्षणिक काम देऊ नका असं लिहिलंय, ते वाचून आम्ही अधूनमधून हसतो. पण गंमत अशी की प्रयोगाला बहुवर्ग, म्हणजे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, उलट सोयीचा पडतो. पाण्यात काय तरंगतं काय बुडतं हे तिसरीचं आणि पाचवीचं पोरगं एकत्र बसून करू शकतं, तिसरीवाला यादी करतो, पाचवीवाला भांडतो की स्टीलची वाटी तरंगते आणि स्टीलचा चमचा बुडतो हे कसं काय.

दुसरा आक्षेप, यूट्यूब आहे की. स्मार्ट टीव्ही आलाय, लावा व्हिडिओ, दोन मिनिटांत प्रयोग. मी पण लावते, ज्वालामुखी काय मी वर्गात आणू शकत नाही. पण व्हिडिओतला प्रयोग कधी फसत नाही हीच त्याची खोट आहे. व्हिडिओतली मेणबत्ती त्याला हवं तेवढंच पाणी चढवते आणि खाली पट्टी येते, ऑक्सिजन संपला. आमच्या त्या मुलीने टीव्हीवर बघितलं असतं तर विचारलं असतं का? मला नाही वाटत.

आणि तिसरा, तो मी स्वतःच घेते, की नुसते हात चालले म्हणजे विज्ञान झालं असं पण नाही. विज्ञान प्रदर्शनात जाऊन बघा, दहातले तीन तरी स्टॉल थर्माकोलचा डोंगर, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर, लाल फेस, टाळ्या. पोरांना विचारा फेस कशाचा, तर ज्वालामुखीचा. हात भरलेत, डोकं कोरडं. शिवाय सगळंच मुलं स्वतः शोधतील हाही एक भाबडेपणा आहे, अणू असतात हे चौथीतलं मूल वाटी-चमच्यातून शोधणार नाही, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे माणसाला कळायला किती शतकं गेली, ते पस्तीस मिनिटांच्या तासिकेत कसं होईल. काही गोष्टी सरळ सांगाव्याच लागतात आणि छान गोष्ट करून सांगता येतात. कुठली सांगायची आणि कुठली करू द्यायची हे ओळखणं हाच तर शिकवण्याचा कस आहे, आणि तो ज्याने स्वतः हात घातलाय त्यालाच लागतो.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाहीये. नवीन किट नको, नवीन ॲप तर नकोच नको. दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असते ना, जिथे आम्ही सगळे जमतोच, पत्रकं वाचली जातात, माहिती मागितली जाते, जेवण होतं. त्यातला एक तास द्या. एकच प्रयोग, सगळ्यांनी हाताने करायचा, उत्तर कुणी आधी सांगायचं नाही. विज्ञान पेटीतल्या फुटणाऱ्या वस्तू डेडस्टॉकमधून काढा आणि त्यांना खडूसारखं समजा, संपला की नवीन. आणि परीक्षेत साहित्य-कृती-निरीक्षण-निष्कर्ष लिहा हा प्रश्न बंद करा, कारण मुलं निरीक्षण सुद्धा गाईडमधून लिहितात.

आमच्या केंद्रात हे आम्ही सुरू केलंय, केंद्रप्रमुख भला माणूस आहे, म्हणाले चाळीस मिनिटं घ्या पण गोंधळ नको. पहिल्याच वेळी मी प्रत्येकाला एक सेल, एक टॉर्चचा जुना बल्ब आणि वायरचा एकच तुकडा दिला आणि म्हटलं पेटवा. (ते बल्ब मिळवताना माझ्या नाकी नऊ आले, आता दुकानदार एलईडी हातात ठेवतो आणि ती एका सेलवर पेटत नाही, शेवटी आठवडी बाजारात एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडे पंधरा निघाले.) बारा शिक्षक होतो. त्यात दोन बीएस्सी. पहिल्या पाच मिनिटांत कुणाचाच पेटला नाही! एका गुरुजींनी वायरची दोन्ही टोकं थेट सेलला लावून धरली आणि चटका बसल्यावर 'आयला' म्हणून सेल टाकला, त्यांना आता शॉर्टसर्किट या जन्मात विसरणार नाही. मग एका मॅडमच्या लक्षात आलं की बल्बला जोडायच्या जागा दोन आहेत, एक बुडाला टोक आणि एक बाजूची धातूची कड. तिचा पेटला तेव्हा ती जी ओरडली, पन्नाशीची बाई, रिटायरमेंटला आलेली, म्हणाली मी वीस वर्षं ही आकृती फळ्यावर काढतेय गं.

मागच्या महिन्यात संत्रं होतं. सालीसकट पाण्यात टाकलं की तरंगतं, सोलून टाकलं की बुडतं, सालीत हवा असते म्हणून. सगळ्यांना आधीच माहीत होतं, व्हॉट्सॲपवर बघितलेलं, त्यामुळे पटपट उरकू म्हणून बसलो. पण कोपऱ्यातल्या एका सरांचं संत्रं सोलूनही तरंगायला लागलं. परत टाकलं, परत वर. कुणी म्हणालं आतून पोकळ असेल, कुणी म्हणालं शिळं झालंय, एकजण म्हणाले पाणीच खारं आहे या गावचं, पण त्याच बादलीत बाकीची बुडत होती. फोडून बघायच्या आत केंद्रप्रमुखांनी माहितीचा तक्ता पुढे केला आणि वेळ संपली, आणि ते संत्रं कुणीतरी खाऊन टाकलं. पुढच्या परिषदेला प्रत्येकाने आपापल्या गावच्या बाजारातून दोन-दोन आणायची ठरलीत, आणि खायच्या आधी आडवी कापायची.